चार बोटं डावीकडे

गोल्फच्या सहाव्या होलवर कुनिएदा यासुमासा यांचा चेंडू भोकाच्या डाव्या अंगाला चार बोटांवर येऊन थांबला आणि त्यांचा मुलगा अकिनोरी त्याच्याकडे बघतच राहिला.

तसं पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने दोन पावलांवरून चेंडू ढकलला आणि तो चुकला. असे चेंडू जगभर रोज चुकतात, चुकवणारे आभाळाकडे बघतात, गवताला नावं ठेवतात आणि पुढे चालू लागतात. यासुमासांनीही सगळं रीतसर केलं. "अरेरे!" म्हणाले, गुडघ्यात किंचित वाकले, टोपी काढून टकलावरून रुमाल फिरवला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "म्हातारपण, दुसरं काय! हाही होल तुझाच, अकी. काय खेळतोस रे!" अकिनोरी हसणार होता. हसू ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्याची नजर त्या थांबलेल्या चेंडूवर अडकली. हा चेंडू आपण ओळखतो, असं त्याला वाटलं. चेंडू म्हणजे हा चेंडू नव्हे, हे थांबणं. गल्लीतला वाणी भलत्याच शहरात, भलत्याच कपड्यांत समोर यावा आणि चेहरा ओळखीचा वाटूनही नाव आठवू नये, तसं ते थांबणं त्याच्याकडे बघत होतं. त्याने चेंडू उचलून वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मुलाकडून चेंडू दोन्ही हातांनी कोण घेतं?

आजचा हा त्यांचा एकत्र पहिला खेळ होता आणि शेवटचाही. पुढच्या आठवड्यात यासुमासा पोलीस ठाण्यात जाऊन गाडी चालवायचा परवाना परत करणार होते. या वयात तो परत करावा असं सगळेच म्हणतात, आणि सगळे म्हणतात ते यासुमासांनी केलं नाही असं कधी झालं नव्हतं. गाडी गेली की चिबाच्या या टेकड्यांत पोचणार कसं? म्हणजे गोल्फही गेला. काठ्यांची पिशवी शेजारच्या रिकामटेकड्या गृहस्थाला द्यायची हेही ठरलं होतं. म्हणून त्यांनी स्वतः फोन केला होता. "एकदा तुझ्याबरोबर खेळावं म्हणतो. तुला वेळ असेल तरच." एकोणपन्नास वर्षांच्या अकिनोरीला तो फोन झाल्यावर स्वयंपाकघरात उगाचच दोनदा पाणी प्यावं लागलं. लहानपणी रविवार म्हणजे वडील नसण्याचा वार. यासुमासा पंप विकत. पंप विकायचे तर पंप घेणाऱ्यांबरोबर गोल्फ खेळायचा, आणि पंप घेणारे रविवारीच मोकळे असत. पहाटे दाराशी पिशवी उभी दिसायची आणि मग ती दिसेनाशी व्हायची. घराला वडील असल्याचा रविवारपुरता पुरावा म्हणजे संध्याकाळी येणारी बक्षिसं.

ती बक्षिसंही कसली! शेवटून दुसरा येणाऱ्याला द्यायचं बक्षीस. कंपन्यांच्या सामन्यांत पहिल्याला चषक मिळतो आणि शेवटून दुसऱ्याला 'बूबी' म्हणून काहीतरी गमतीचं, घरात उपयोगी पडेल असं देतात. सगळे टाळ्या वाजवतात, घेणाऱ्याने डोकं खाजवायचं. कुनिएदांचं घर या डोकं खाजवण्यावर चालत होतं. टॉवेल बूबीचे, सोया सॉसच्या बाटल्या बूबीच्या, एकदा तर तांदळाचं अख्खं पोतं. अकिनोरी शेवटून दुसऱ्याच्या तांदळावर वाढला. तिसरीत 'माझे बाबा' या विषयावर त्याने लिहिलं होतं: माझे बाबा गोल्फमध्ये फार कच्चे आहेत, पण ते हार मानत नाहीत, दर शनिवारी सराव करतात. वर्ग बघायला आलेले पालक मागे उभे असताना बाईंनी त्यालाच ते वाचायला लावलं. सगळे पालक हसले. यासुमासा त्या दिवशी कसे कोण जाणे आले होते. त्यांनी चौफेर वाकून नमस्कार केला आणि डोकं खाजवलं.

सातव्या होलकडे जाताना मैदानावर फिरायचा गाडीवजा डबा वडील चालवत होते. परवाना जाण्याआधी जेवढं चालवता येईल तेवढं चालवून घेत असावेत. अकिनोरी बाजूला बसून हातमोज्याची बटणं उघडझाप करत होता. शनिवार. सराव. मग ते आठवायला लागलं. आठवण पुढून आली नाही, पायांच्या तळव्यांतून आली, गार लाकडी जमिनीच्या स्पर्शातून. घरातला तो अरुंद बोळ, त्यावर अंथरलेली हिरव्या कापडाची पट्टी, आणि टोकाला आईचा कानतुटका निळा कप आडवा ठेवलेला. कपावर दोन मासे होते. शनिवारी अंघोळ झाल्यावर वडील तिथे उभे राहत, बनियनमध्ये, केसांतून पाणी गळत असताना. अकिनोरी शेजारच्या खोलीत बोळाकडे पाठ करून गणितं सोडवी. आई म्हणे, "दार ओढून घे, बाबांचा सराव चाललाय." तो ओढून घेई, पण बोटभर फट ठेवी. काठीचा टक्. मग चेंडूची घरंगळ. मग तो पेन्सिल उचलून थांबे, कारण आता 'खण्' व्हायला हवं. चेंडू कपात गेला की खण् होणार, हे त्याने एकदा स्वतः हाताने टाकून तपासलं होतं. फार गोड वाजायचा तो कप. पण खण् होत नसे. टक्, घरंगळ, काही नाही. टक्, घरंगळ, काही नाही. त्याला वडिलांची इतकी दया येई की वजाबाकी चुके. एकदा वडील फोन घ्यायला गेले तेव्हा तो बोळात गेला. थांबलेला चेंडू कपापासून किती लांब राहिला ते त्याने बोटं लावून पाहिलं: चार बोटं, डावीकडे. आधीचे चेंडू थांबून थांबून पट्टीवर पडलेला डागही तिथेच. म्हणून त्याने कप उचलला आणि चार बोटं डावीकडे ठेवला. आता जाईलच, बाबांना कळणारही नाही. खोलीत येऊन तो पेन्सिल उचलून बसला. टक्. घरंगळ. काही नाही. फटीतून पाहिलं तर चेंडू नव्या जागेच्याही चार बोटं डावीकडे जाऊन शांतपणे बसला होता. त्या दिवशी तो उशीत तोंड खुपसून रडला. आपल्या बाबांचं नशीबच तसं आहे, असं त्याला वाटलं होतं.

नशीब! सातव्या होलच्या खुंटीवर चेंडू ठेवता ठेवता अकिनोरीच्या कानशिलांत रक्त चढलं. कप हलला तरी चेंडू चार बोटंच चुकतो, त्याला नशीब म्हणत नाहीत, नेम म्हणतात. हा माणूस घालण्याचा नाही, चुकवण्याचा सराव करत होता. दर शनिवारी, ओल्या केसांनी, गिऱ्हाइकासमोर किती हरायचं त्याचं माप हातात बसवत होता. जास्त हरलं तर गिऱ्हाइकाला संशय, कमी हरलं तर राग. चार बोटं म्हणजे अगदी हळहळण्याजोगी. आणि भिंतीपलीकडे एक गाढव मुलगा त्याच्यासाठी रडत होता. बरं, तेही सोड. तो धंदा होता, घर चालत होतं, तांदूळ येत होता. पण मग आज? आज कोणता पंप विकायचाय?

त्याने दात आवळून काठी फिरवली. चेंडू झाडांकडे निघाला, एका फांदीला लागला आणि नाइलाजाने मैदानात परतला.

"नाइस शॉट!" यासुमासा म्हणाले.

"फांदीला लागला, बाबा."

"फांदीचा अंदाज घेऊन मारलास. हे सगळ्यांना जमत नाही."

आणि मग त्यांनी आपला चेंडू त्याच झाडांत, पण फांदी चुकवून, व्यवस्थित हरवला.

अकिनोरीला आता सकाळपासूनचं सगळं उलटं दिसू लागलं. त्याला न्यायला वडील वेळेआधीच त्याच्या दारात येऊन उभे होते. हातात थंडगार कॉफीचा डबा, नेमका त्याच्या आवडीचा, बिनसाखरेचा. गाडीत बसल्यावर ओला रुमाल. केवढं भरून आलं होतं त्याला! बाबांना माझी कॉफी ठाऊक आहे. ठाऊक कशी असेल? सुनेला फोन करून विचारली असणार, जशी गिऱ्हाइकाच्या बायकोला विचारत. गाडीच्या मागच्या सीटवर बांधलेला मिठाईचा डबा होता, जाताना हातात ठेवायला. सगळं पंपवाल्याचं. आणि या संतापाच्या मागोमाग दुसरा एक संताप दबक्या पावलांनी येत होता, त्याच्याकडे तो बघायचं टाळत होता. अकिनोरी स्वतः लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत खरेदी खात्याचा प्रमुख होता. वर्षानुवर्षं दोरवाले, बटणवाले, आरसेवाले त्याला गोल्फला नेत, आणि तो जिंकत असे. दर वेळी. आपल्या घराण्यात नसलेलं हे अंग आपल्यात आईकडून आलं असावं, असा त्याने शोध लावला होता. मामा भालाफेकीत जिल्ह्यात चमकला होता. वडिलांना आपला खेळ एकदा दाखवावा, म्हणजे त्यांना बरं वाटेल, या मोठ्या मनाने तो आज आला होता. आता ते दोरवाले, बटणवाले, आरसेवाले एकेक करून डोळ्यांपुढे आले, आभाळाकडे बघत, टोप्या काढत, "अरेरे!" म्हणत. प्रत्येकाच्या घरी एकेक बोळ असणार, आणि त्याच्या टोकाला एकेक कप.

नवव्या होलनंतर जेवायची सुट्टी असते. डुकराच्या कटलेटची करी आली, बिअर आली. यासुमासांनी बाटलीवरचं नाव वर राहील अशी दोन्ही हातांनी बाटली धरून मुलाचा ग्लास भरला. फेस बरोबर दोन बोटं. या माणसाचं बोटं न मोजता काही होतच नाही, अकिनोरीच्या मनात आलं.

"बाबा, तो कप आठवतो? आईचा, निळा, माशांचा."

"हां. घर बदलताना फुटला तो. तिच्या मनाला फार लागलं होतं. करी खा, निवतेय."

"त्यात कधी चेंडू गेला होता?"

यासुमासांनी लोणच्याचा तुकडा उचलला, पाहिला, परत ठेवला. "आता कुठे आठवतंय. त्या पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी सूप घेतलंय, चांगलं दिसतं. मागवू तुला?"

"मला सूप नको. मी विचारलं, चेंडू कधी गेला होता का?"

"तू आज फार सुंदर खेळतोयस," यासुमासा म्हणाले. "तुझी आई असती तर…"

"आईला मध्ये आणू नका!"

शेजारच्या टेबलावरचे चार जण क्षणभर खायचे थांबले आणि लगेच, ऐकलंच नाही अशा शिष्टाचाराने, जास्त जोरात खाऊ लागले. यासुमासांनी त्यांच्याकडे बघून बारीकशी मान लववली. मुलाच्या आवाजाबद्दल अनोळखी माणसांची माफी! अकिनोरीला ताट उचलून भिरकावावंसं वाटलं. त्याऐवजी त्याने करी संपवली. चांगली होती, त्याचाही राग आला.

दुपारी त्याने एक युक्ती केली. आपणही हरायचं. जितकं वाईट खेळता येईल तितकं खेळायचं. बघू म्हातारा किती खाली येतो. त्याने चेंडू तळ्यात घातला. यासुमासांनी "वारा होता" म्हणून हळहळून आपला वाळूत घातला आणि वाळूतून बाहेर काढायला बरोबर एक फटका जास्त घेतला. तो गवतात शिरला, ते आणखी दाट गवतात शिरले. तो मुद्दाम चुकत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वडील चुकत होते ते मात्र एखाद्या थकलेल्या, मनापासून खेळणाऱ्या, वयाने दगा दिलेल्या माणसासारखं. कुठे शिवण दिसत नव्हती. अकिनोरीच्या संतापात मध्येच एक लाजिरवाणी कौतुकाची लकेर येऊन गेली आणि तो अधिकच चिडला. एवढं कसब! ते कधी कुणी पाहिलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही, कारण ते दिसलं की संपलं. आणि ते घरच्यांच्या वाट्याला आलं ते टॉवेल होऊन. डोंगरावर घारी फिरत होत्या. बांधावरचं उंच पांढरं गवत एका बाजूला झुकलं होतं. दोन माणसं एकमेकांशी हरण्यासाठी जिवाचं रान करत होती, आणि मागून खेळत येणाऱ्या चौघांची खोळंबून खोळंबून कंबरेवरचे हात काढायची सवयच मोडली होती.

अठराव्या होलवर दोघांचे चेंडू भोकापासून सारख्याच अंतरावर, हात-दीड हातावर आले. इतक्या जवळचा चेंडू न मारताच उचलायची पद्धत आहे. समोरच्याने "ओके" म्हणायचं असतं.

"ओके, ओके!" यासुमासा लगबगीने म्हणाले. "उचल. तू जिंकलास. वा, वा! मी माझा मारून टाकतो आणि मग अंघोळीला. गरम पाण्यात बसलं की…"

"तुमचा मारा," अकिनोरी म्हणाला.

यासुमासा वाकले. टक्. घरंगळ. काही नाही. चार बोटं, डावीकडे.

"अरे—"

"अरेरे म्हणू नका!" अकिनोरीचा आवाज फाटला. "टोपीला हात लावू नका! मी तिथे बसलेला असायचो, बाबा. भिंतीपलीकडे. दर शनिवारी. मी कप सरकवला होता, तुमचा जावा म्हणून. चार बोटं. तरी तुम्ही चार बोटांनी चुकवलात. मी रडलो होतो तुमच्यासाठी! आणि तुम्ही मला आज कॉफी पाजता, रुमाल देता, नाइस शॉट म्हणता… मी काय घेतोय तुमच्याकडून? किती पंप लिहून देऊ? शेवटचा खेळ आहे ना हा? मग एकदा तरी माझ्याशी खेळा. माझ्याशी!"

यासुमासा काठीवर भार देऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते प्रसन्न, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं हसू तसंच होतं. मग ते हळूहळू उतरलं, आणि खाली जो चेहरा होता तो अकिनोरीने फारसा पाहिलेला नव्हता. तो चिडलेला होता.

"तुझ्याशीच खेळायला आलो होतो," ते म्हणाले. "पहाटे अंगणात दोनदा काठी फिरवून पाहिली. म्हटलं, आज मारायचं. मुलगा आहे, हरला तर हरेल. मग पहिल्या होलवर तू हातमोजा चढवलास. बोटं एकेक करून. हनुवटी वर. आणि मला म्हणालास, 'सावकाश होऊ द्या बाबा, घाई नाही.' अरे, तो चेहरा मी जन्मभर पाहिलाय! ज्यांच्याकडे सही असते त्यांचा. मी हरलो की तो खुलतो. पहिल्या होलला माझा चुकला तेव्हा तुझाही खुलला. तो समोर असला की माझा हात दुसरं काही करत नाही. आता त्याला मी काय करू? कापून टाकू?"

"मी… तसा चेहरा नाही केला."

"आरशात बघून करत नाही कुणी." यासुमासांनी नाक ओढलं. "आणि कप सरकवला होतास ते मला माहीत होतं. पट्टीवर कपाच्या जुन्या जागेचा वळ उमटला होता ना. मी त्याच रात्री तुझ्या आईला म्हटलं, उद्यापासून घालतो. ती म्हणाली, पुढच्या रविवारी नागोयाचे गिऱ्हाईक येतायत, आता हात बिघडवू नका. झालं. नागोयाचे गेले, मग सेंदाईचे आले. कुणी ना कुणी येतच राहिलं."

अकिनोरी थांबलेल्या चेंडूकडे बघत राहिला. संताप जागच्या जागी होता, पण तो कुणावर टाकायचा ते कळेनासं झालं होतं. नागोयाच्यांवर? ते म्हातारे होऊन मेलेही असतील, आपण गोल्फमध्ये तरबेज होतो या समाधानात. आईवर? स्वतःच्या हनुवटीवर? त्याने हातमोजा काढला, खिशात कोंबला. पुढे होऊन वडिलांचा चेंडू उचलला आणि हात-दीड हातावर, गवतात अंगठ्याने दाबून, पुन्हा ठेवला.

"घाला."

मागचे चौघे आता उघडउघड ओरडत होते. यासुमासांनी सवयीने त्यांच्याकडे मान लववली. मग चेंडूकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"तू तिकडे तोंड कर," ते म्हणाले.

"का?"

"कर म्हटलं ना! बाप सांगतोय!"

अकिनोरीने पाठ केली. समोर उतारावर ते चौघे हात उंचावून उभे होते. त्यांच्याकडे बघून वाकायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तो वाकला नाही. तळव्यांना बुटातूनही त्या बोळातलं लाकूड गार लागलं. हातात नसलेली पेन्सिल त्याने वर उचलली. पाठीमागे बराच वेळ काही झालं नाही. फक्त म्हाताऱ्याचा श्वास, आणि एकदा घसा खाकरणं.

टक्.

घरंगळ.

खण्.

आईच्या कपाइतकं गोड नव्हतं. भोकातलं भांडं पत्र्याचं असतं, ते कोरडं वाजतं. पण खण् झालं, आणि अकिनोरीचे डोळे भरून आले, ते आनंदाने नव्हे. असा राग त्याला दिवसभरात आला नव्हता. इतकं सोपं होतं? एवढंसं मनगट, एवढासा आवाज, इतकंच अडलं होतं इतकी वर्षं?

"झालं," यासुमासा मागून म्हणाले. "चल आता. लोक थांबलेत."

"परत," अकिनोरी पाठ न वळवता म्हणाला.

"अरे, लोक थांबलेत, अकी!"

"थांबू देत."

मग यासुमासा कण्हत, गुडघ्यावर हात ठेवून भोकातला चेंडू काढण्यासाठी वाकल्याचं त्याला ऐकू आलं.